दाराचा धडा

धुलाईघरात तिला सगळ्याजणी तोफ म्हणत. हॉटेलच्या तळघरातली ती लांबलचक खोली. वरच्या मजल्यांवरून चादरी, अभ्रे, टॉवेल ढिगाने खाली यायचे आणि दिवसभर वाफेत उभं राहून बायकांची तोंडं उकडलेल्या बटाट्यासारखी व्हायची. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, झटका देऊन चादर ताणायची आणि मग एकीने चालत दुसरीपाशी जायचं. तोफेच्या समोर कायम तिची थोरली जाऊ असायची. सख्ख्या जावा, एकाच इमारतीत वरखाली राहणाऱ्या; पण एक आग तर दुसरी पाणी. सुपरवायझरने कुणाची सुट्टी कापली की तोफ चादर तशीच टाकून त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची आणि जाऊ मागून कुजबुजायची, "अगं, आपण बरं की आपलं काम बरं."

"काम एवढं बरं असतं तर त्यानेच नसतं का केलं?" तोफ म्हणायची, आणि वाफेत हशा पिकायचा.

पण ही तोफ फक्त तळघरातच धडाडायची. परदेशातून आलेल्यांचे परवाने बघणाऱ्या कचेरीचं नुसतं नाव निघालं तरी तिची दातखीळ बसायची, आणि त्याला कारण तिचा नवरा. तो रंगारी. परक्यांच्या भिंती आयुष्यभर गुळगुळीत करत आलेला, बोलण्यात कंजूष, हसण्यात त्याहून कंजूष. ज्या ठेकेदाराच्या नावावर त्याचा राहण्याचा परवाना होता, त्याने एक दिवस गाशा गुंडाळला आणि परवानाही त्याच्याबरोबर गेला. तेव्हापासून रंगाऱ्याला ठरलेल्या दिवशी कचेरीत जाऊन हजेरी द्यावी लागे. थोरल्या दिराचंही तेच. दोघे भाऊ न चुकता जात, खाली मान घालून उभे राहत आणि परत येत.

आणि कचेरीवाले कधीही घरी येऊन उचलतील या धास्तीने घरात दाराचा धडा सुरू झाला.

शाळेतून आलेल्या लेकीला तोफ आत उभी करायची, स्वतः बाहेर जाऊन दार लावून घ्यायची आणि टकटक करायची.

"पोस्टमन आहे. बाबा आहेत का घरात?"

"माहीत नाही," आतून चिमणीचा आवाज. लेकीला सगळे चिमणीच म्हणत.

"घरात कोण कोण राहतं?"

"आई आणि मी."

"अगं, मी तुझ्या बाबांचा मित्र. उघड ना दार."

"माहीत नाही."

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. तोफ आवाज मऊ करायची, अगदी मावशीसारखा. "चिमणे, तुझ्या आईनेच पाठवलंय मला. ती म्हणाली, आता सांगितलं तरी चालेल." पहिल्यांदा त्यावर चिमणी फसली होती. "बाबा कामावर गेलेत" असं बोलून गेली होती आणि चूक कळल्यावर हुंदके देऊन रडली होती. पुन्हा मात्र कधी फसली नाही. रस्त्यात गणवेशवाला माणूस दिसला की बापाचा हात सोडून मागे राहायचं, हेही ती शिकली. जावेची दोन्ही पोरं या धड्यात दरवेळी नापास. धाकटा तर टकटक झाल्याबरोबर "बाबा, कुणीतरी आलंय" म्हणून बोंबलायचा. तोफ चादर ताणता ताणता मिरवायची, "माझी चिमणी बघा. यमदूत आला तरी बापाचा पत्ता द्यायची नाही."

एके दिवशी रंगारी हजेरीला गेला आणि परतला नाही. त्याला आतच धरलं होतं. परवाना नाही, मायदेशी परत पाठवायचं, विषय संपला. तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो माणूस पळून जाणार आहे, तो स्वतःच्या पायांनी हजेरी कशाला देईल? जे लपले ते सुटले. जो सांगितल्याप्रमाणे वागला तो अडकला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

ओळखीतून एक वकीलबाई मिळाली. ती म्हणाली, "एक वाट आहे. बाप लेकराजवळ राहत असेल, त्याचं करत असेल, तर असं घर तोडता येत नाही. ते बघायला तपासणीसाठी एक बाई घरी येईल, मुलीशी बोलेल. मात्र एक लक्षात ठेवा. मुलीला काहीही पढवू नका. पढवलेलं त्यांना लगेच कळतं."

तोफेने काहीही पढवलं नाही. दिलेला शब्द पाळला. आधी पढवून ठेवलेलं काही आहे, हे मात्र तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

तपासणीबाई आली. चेहरा गोड, बोलणं त्याहून गोड. पिशवीत रंगीत खडू. तिने तोफेला जिन्यात थांबायला सांगितलं आणि चिमणीला घेऊन आत बसली. तोफ पायरीवर बसून देवाला आळवत राहिली. तिने रंगाऱ्याचे सदरे दोरीवर टांगून ठेवले होते, बूट दारात मांडले होते. जाताना ती बाई चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तोफेला वाटलं, जमलं.

काहीच जमलं नव्हतं. वकीलबाईने बोलावून सांगितलं की अर्ज फेटाळला. वडील त्या घरात राहत नाहीत, मुलगी त्यांना नीट ओळखतही नाही, कपडे आणि बूट दाखवण्यापुरते मांडलेले दिसतात. तोफ ऐकत राहिली, पण अर्थ काही डोक्यात शिरेना. घरी आली तर चिमणी वाटच बघत होती.

"आई, मी बरोबर सांगितलं ना? ती बाई किती गोड बोलत होती! चॉकलेट पण देत होती. शेवटी तर म्हणाली, आईची काही हरकत नाही, सांग. तरी मी नाही सांगितलं."

तोफेने तिला जवळ घेतलं. "बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोर पैकीच्या पैकी मार्क मिळवून आली होती.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात जाऊ चादरीच्या पलीकडून म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते. एवढ्याशा पोरीला कशाला एवढं घटवून घ्यायचं!"

"तुम्ही नाही घटवलं? उद्या तुमच्या नवऱ्याला धरलं तर पोरं ढ निघाली म्हणूनच तो सुटेल, तुमची अक्कल जास्त म्हणून नव्हे!"

जावेच्या हातून कोपरे सुटले. चादर ओल्या जमिनीवर पडली आणि ती पुन्हा धुवावी लागली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण घड्या घातल्या, कारण घडी दोघींशिवाय होत नाही.

सायकल दुरुस्तीच्या एका दुकानामागच्या खोलीत काही लोक जमत. ज्यांची माणसं कचेरीने उचलली होती, ते सगळे. दुकानवाल्या सायकलदादाच्या भावाला त्याच्या बायकापोरांना इथेच ठेवून परत धाडलं होतं. तिथे कधीही जायचं नाही, असा तोफेने कानाला खडा लावला होता. उगाच नजरेत येऊ. आता नजरेत यायचं काही उरलं नव्हतं. ती गेली, टायर आणि ट्यूबांच्या मधे उभी राहिली आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं. मग विचारलं, "पोरांना हा धडा आणखी कुणी कुणी शिकवलाय?"

 मग मागच्या बाकावरच्या एका आजीबाईने हात वर केला. तिच्यापाठोपाठ तिच्या सुनेने. मग इकडून, तिकडून. शेवटी सायकलदादाने आपला काळाकुट्ट हात वर केला. प्रत्येकाला वाटत होतं की ही युक्ती आपल्याच घरची. शब्दसुद्धा तेच: माहीत नाही, आई आणि मी.

"बघा," तोफ म्हणाली, "एवढ्या घरांत एवढे बाप आणि एकही बाप घरात राहत नाही!"

लोक हसले. हसता हसता आजीबाईने डोळ्यांना पदर लावला.

तिथून पुढे तोफ खरी तोफ झाली. कामावरून सुटली की ती बायकांना घेऊन कचेरीच्या फुटपाथवर उभी राही. "घरं मोडू नका" असे जाड अक्षरांतले फलक हातात. मागण्या साध्याच होत्या. हजेरीला आलेल्या माणसाला धरायचं नाही, घाबरलेल्या पोराच्या एका शब्दावर बाप परत पाठवायचा नाही, आणि पोराला विचारताना आईला बाहेर काढायचं नाही. सुपरवायझरने नोकरीचा धाक घातला. जाऊ रोज विनवायची, "अगं, माझा नवरा अजून हजेरीला जातो. तुझ्यापायी त्यालाही धरतील." तिचंही खोटं नव्हतं. तोफ मूग गिळून ऐकायची आणि सुटी झाली की फुटपाथ गाठायची.

एक दिवस कचेरीतला मोठा साहेब खाली उतरला. समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बाई, तुमची तळमळ मला कळते. पण लहान मुलं खोटं बोलत नाहीत हो."

"आमची बोलतात," तोफ म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. तुमच्या भीतीने आम्ही बाप असून नसल्यासारखा केला आणि आता तुम्हीच म्हणता, बाप नाही! मुलं खोटं बोलत नाहीत म्हणे. तुमचा बूट दारात वाजला की बघा माझी पोर कशी बोलते ते!"

हे ऐकायला रस्त्यावर बरीच माणसं थांबली होती. वकीलबाईने पुन्हा अर्ज लावला, आणि चिमणीला पुन्हा विचारायचं ठरलं. या वेळी कचेरीत, आईसमोर, आणि बापालाही तिथे आणून. आईने मात्र तोंडातून शब्द काढायचा नाही, ही अट.

आता राहिलं एकच. चिमणीला सांगायचं होतं, की खरं सांग. वकीलबाईनेही या वेळी तेवढी मुभा दिली.

"चिमणे, आता सांगायचं हं. बाबा आपल्याच घरी राहतात, असं सांगायचं."

चिमणीने डोळे बारीक केले. "ही परीक्षा आहे ना?"

"नाही गं राजा. खरंच सांगते. आई सांगतेय ना?"

"माहीत नाही," चिमणी म्हणाली आणि हसली. ओळखली की नाही तुझी युक्ती, असं ते हसू.

तोफेने शपथ घातली, रागावली, समजावलं. जेवढी मऊ बोलली तेवढी पोर घट्ट मिटली. काकूला बोलावलं. जाऊ म्हणाली, "अगं बाळा, आई खरं बोलतेय." चिमणीने काकूलाही दाद दिली नाही. सायकलदादाने प्रयत्न केला, त्यालाही तेच. स्वतःच्या हाताने घातलेलं कुलूप, आणि किल्ली कुठल्या खिशात ठेवली ते तोफेलाच कळेना.

ठरल्या दिवशी कचेरीतल्या त्या खोलीत एक टेबल, काही खुर्च्या, पाण्याचा पेला. तपासणीबाई लिहायला बसलेली, साहेब भिंतीला टेकलेला. रंगाऱ्याला आणलं. तो अर्धा झाला होता. लेकीकडे बघायचं नाही ही त्याचीही सवय, मान खालीच.

"बाळ, हे कोण?" तपासणीबाईने विचारलं.

"माहीत नाही."

"तुमच्या घरी राहतात का?"

"घरी आई आणि मी राहतो."

तोफेने मान हलवून खुणावलं, सांग. चिमणीने ओठ आणखी दाबले. बाईचं पेन चालू लागलं.

"झालं?" साहेबाने विचारलं.

तोफ उठली ती खुर्ची पाडूनच. "झालं कसं? मी सांगते."

"तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय."

"खड्ड्यात गेलं तुमचं ठरलेलं! हा माझा नवरा. हिचा बाप. आमच्याच घरात राहतो. घोरतो. रंगाचे कपडे न्हाणीत तसेच टाकतो. रोज सकाळी हिची वेणी हाच घालतो आणि वाकडी घालतो. मी कामाला लवकर जाते म्हणून हिला दूध हाच देतो, आणि उतू घालवतो..."

चिमणीचे डोळे विस्फारले. आई, जिने धडा शिकवला तीच आई, सगळंच्या सगळं सांगत सुटली होती! ती खुर्चीवरून खाली उतरली, पळत आली आणि उड्या मारून आईच्या तोंडावर हात ठेवायला बघू लागली. हात पोचेना.

"आई, गप्प! बाबांचं सांगायचं नाही! ते नेतील बाबांना!"

पेन थांबलं.

गुपित फुटलं हे चिमणीला कळलं. ती वळली आणि रंगाऱ्याकडे बघून रडत म्हणाली, "बाबा, मी नाही सांगितलं. आईनेच सांगितलं."

त्या न बोलणाऱ्या माणसाने सगळ्यांदेखत तोंड ओंजळीत झाकलं. तपासणीबाईने पेला चिमणीपुढे धरला. तोफेने तो टेबलावर आपटला. "तिला पाणी नको. तिचा बाप द्या."

काही दिवसांनी रंगारी घरी आला. निकाल लागेपर्यंत राहायची परवानगी, तीही हजेरीच्या अटीवर. धुलाईघरात सुपरवायझर म्हणाला, "चला, मिटलं एकदाचं." तोफेने त्याच्याकडे असं पाहिलं की तो टॉवेल मोजायला निघून गेला.

हजेरीच्या दिवशी ती पुन्हा फुटपाथवर. साहेब दारातून म्हणाला, "आता कशाला, बाई? तुमचा माणूस तर सोडला."

"उपकार केलेत?" तोफ म्हणाली. "माझी पोर अजून रस्त्यात त्याला बाबा म्हणून हाक मारत नाही. ती मारेपर्यंत उभी राहणार. आणि तिच्यानंतर हिच्या पोरांसाठी."

शेजारी थोरली जाऊ होती. दोघे भाऊ आत गेले होते. फलकाचं एक टोक जावेने धरलं होतं आणि दुसरं तोफेने. साहेब आत गेला आणि कचेरीचं दार बंद झालं. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.