डेल्फियाचा उघडा केक

गॅरलँड मेडर गेले, त्या दिवशी दुपारी तीनच्या आत सगळ्या हॅकनी गॅपला कळलं की डेल्फिया लेडबेटर मयताच्या घरी रिकामा डबा घेऊन गेली.

कळलं ते ओपल टिडमोरमुळे. एकाहत्तर सालची गोष्ट. अलाबामाच्या आमच्या त्या डोंगरावर तेव्हा सात घरांत मिळून एकच फोनची तार होती आणि घंटी कुणाचीही वाजो, ओपलचा रिसीव्हर आपसूक तिच्या कानाला लागायचा. त्या दिवशी तर तिनेच घरोघरी फोन लावले. "अगं, डोळ्यांनी बघितलं मी! केकचा डबा एका बोटावर झुलवत नेत होती. भरलेला डबा असा कुणी नेतं का? आणि डबा कुणाचा, ते तरी विचार! खुद्द विलोडीनचा! पायऱ्या चढताना तळ दिसला मला. तळाला नावाची पट्टी आहे."

आता खरं काय ते सांगितलं पाहिजे. डबा विलोडीनचाच होता, म्हणजे गेलेल्या गॅरलँडच्या बायकोचाच. ओपलचे डोळे कधी चुकत नसत, जीभ तेवढी डोळ्यांच्या पुढे धावायची. पण डबा रिकामा नव्हता. त्यात केक होता. एकावर एक तीन थर, सोनेरी, कडांना जरासे खरपूस. फक्त त्यावर आयसिंगचा थेंबही नव्हता. आणि सरळच सांगायचं तर हे रिकाम्या डब्यापेक्षा वाईट होतं. मयताच्या घरी आमच्याकडे तळलेली कोंबडी न्यायची, हॅम न्यायचं, बटाट्याचं सॅलड, शिजवलेले पावटे, मक्याचा पाव, काय वाटेल ते न्यायचं. एकदा कुणीतरी दुकानातला पाव नेला होता, त्याचा उद्धार लोक वीस वर्षं करत होते. पण उघडा केक? तो कुणी कधी नेला नव्हता.

आणि नेला कुणी, तर डेल्फियाने! जिच्याकडे अख्खी कौंटी घर कसं ठेवावं ते विचारायला यायची, त्या डेल्फियाने.

आमच्या साप्ताहिकात दर गुरुवारी तिचा लहानसा लेख असे. बिडाच्या तव्याला साबण दाखवू नका, जाड मिठाने घासा आणि चरबीचा हात फिरवून ठेवा. साखरेचे खडे झाले तर डब्यात पावाची कड टाकून ठेवा. ओसरीचं छत आकाशी रंगवा, म्हणजे गांधीलमाश्या त्याला आभाळ समजतात आणि पोळं करत नाहीत. खिडकीच्या काचा व्हिनेगरने आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसा. या शेवटच्या सल्ल्यावर तिचा नवरा व्हेस्टर म्हणायचा, "म्हणजे बायकोचा लेख गुरुवारी छापतात आणि शुक्रवारी कौंटीभर खिडक्या लख्ख!" व्हेस्टर बोलायचा कमी, पण बोलला की डेल्फिया हातातलं फडकं त्याला फेकून मारायची.

डेल्फियाची दुसरी ओळख म्हणजे तिचा आवाज. माउंट गिलियडच्या लाकडी चर्चमध्ये जुलैच्या दुसऱ्या रविवारी मोठं गाणं असे. वाद्य एकही नाही. चार बाजूंना चार बाकांच्या रांगा, तोंडं एकमेकांकडे, आणि मधल्या मोकळ्या चौकोनात एक जण हात वर-खाली करून ताल धरणार. पुस्तकातले सूर तिकोनी, गोल, चौकोनी आकाराचे. आधी नुसते फा-सो-ला म्हणायचे आणि मग शब्द. गोड गळ्याचं तिथे काही काम नव्हतं. छातीतून आवाज निघाला पाहिजे, खिडकीची काच थरथरली पाहिजे. डेल्फिया खालच्या पट्टीच्या बायकांत पहिल्या बाकावर बसायची. तिच्या शेजारी विलोडीन. सात वर्षांच्या होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, तेव्हापासून.

एरवीही दोघी शेजारीच असायच्या. दुपारी डेल्फियाच्या ओसरीवर झोपाळ्यात बसून पावटे सोलायच्या. मधे पाटी, पायाशी बर्फ घातलेल्या गोड चहाची बरणी. शनिवारी संध्याकाळी व्हेस्टर रेडिओ खिडकीत आणून ठेवायचा, फिडलची गाणी लागायची. त्यांवर विलोडीन खालच्या पट्टीत नुसती हुंकारायची आणि डेल्फिया म्हणायची, "सुरात तरी हुंकार, बाई." त्या ओसरीवरून गेलेल्या माणसाला कुणी चहा विचारला नाही, असं कधी झालं नाही. जाळीचं दार आपटल्याचा तो आवाज अजून कुठे ऐकला, की जिभेवर आधी तो चहाच येतो.

आणि विलोडीनचा केक! तीन थरांचा, वर जळक्या साखरेच्या रंगाचं आयसिंग, ताक घालून केलेलं. गाण्याच्या दिवशी चर्चमागे ओकच्या झाडांखाली सिमेंटची लांबच लांब टेबलं असत. दुपारी त्यांवर जेवण मांडलं जायचं. प्रत्येक घराची जागा ठरलेली. पण लोक कोंबडीच्या आधी विलोडीनच्या जागेशी जाऊन केकचा तुकडा बाजूला काढून ठेवायचे. धर्मोपदेशकसुद्धा!

भांडण झालं ते बासष्टमध्ये आणि त्या केकवरूनच झालं.

आमच्याकडे कृती मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. ते वाईट दिसतं. कृती द्यायची, हसत द्यायची, कागदावर सुवाच्य लिहून द्यायची, फक्त त्यातला एखादा जिन्नस हळूच गाळायचा. मागणारीलाही ते माहीत असतं. ती घरी जाऊन चारदा करून बघते आणि पाचव्यांदा शोधून काढते. यात कुणाला राग येत नाही. पण हे झालं परक्यांशी. जिवलग मैत्रिणीशी असं करत नाहीत.

डेल्फियाने एका दुपारी सहज कृती मागितली आणि विलोडीनने डब्यातून केक देताना ती लिहूनही दिली. जिवलग मैत्रिणीची कृती तपासायची कशाला? डेल्फियाने ती गुरुवारी जशीच्या तशी छापून टाकली. खाली लिहिलं, 'सौजन्य: आपली विलोडीन मेडर.' विलोडीनला विचारलं मात्र नाही.

रविवारपर्यंत कौंटीभर ताक फुटलं. आयसिंग म्हणून जे झालं त्याला कुणी वाळू म्हणालं, कुणी कोंबड्यांचं खाद्य. एका घरी वाढदिवस होता, तिथे चमचा वाकला. मग चर्चच्या पायऱ्यांवर जे झालं ते सगळ्यांनी ऐकलं.

"मलासुद्धा गाळून दिलंस?" डेल्फिया म्हणाली. "मला?"

"तुला दिली होती," विलोडीन म्हणाली. "सगळ्या कौंटीला नव्हती दिली. माझ्या आईची आहे ती. विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"तुला कुठे माहीत होतं मी छापणार आहे? तू आधीच गाळलंस!"

विलोडीनने गाण्याचं पुस्तक उचललं आणि आत जाऊन वरच्या पट्टीच्या बायकांत बसली. दोघींच्या मधे चौकोनाचा एक कोपरा. तो कोपरा नऊ वर्षं तसाच राहिला. खालची पट्टी एकट्या डेल्फियावर आली. ती ओरडून ओरडून दोघींचं गायची, पण दोघींचं ते दोघींचंच. आणि वरच्या पट्टीत विलोडीनचा जाडा आवाज म्हणजे कोंबड्यांत बदक.

डबा डेल्फियाकडेच राहिला. दुसऱ्याचं भांडं परत न करणं हे आमच्याकडे चोरीच्या खालोखाल, म्हणून तर तळाला पट्ट्या लावतात. डेल्फियाने तो फडताळात वर ठेवला, दर वसंतात उतरवून पुसला आणि पुन्हा वर ठेवला. विलोडीननेही मागितला नाही. व्हेस्टर एकदा म्हणाला, "देऊन टाक की." डेल्फिया म्हणाली, "दिला की संपलं."

आणखी एक गोष्ट फक्त डेल्फियाला माहीत होती. गाळलेला जिन्नस कुठला, ते तिने तिसऱ्याच दिवशी शोधून काढलं होतं. कौंटीला शिकवणारी बाई ती, तिला काय अवघड? पण छापील दुरुस्ती तिने दिली नाही आणि स्वतःच्या घरी ते आयसिंग एकदाही केलं नाही. तिला जिन्नस नको होता. तो विलोडीनच्या तोंडून ऐकायचा होता.

मग एकाहत्तरच्या जूनमधे एका पहाटे गॅरलँड शेंगदाण्याच्या शेतात बसल्या बसल्या गेले.

डेल्फियाने सकाळी भट्टी पेटवली. व्हेस्टर कॉफी घेत बघत होता. तीन थर निघाले, गार झाले, एकावर एक बसले. मग तिने फडताळातून डबा काढला.

"वर काही लावणार नाहीस?" व्हेस्टर म्हणाला.

"नाही."

"लोक बोलतील."

"ओपलला काम नको का?"

ती निघाली. डबा बोटावर झुलवला खरा, पण तो समोरच्या खिडकीतून ओपल बघत होती म्हणून. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. विलोडीनने डबा घेतला, "बरं" म्हटलं आणि फडताळात ठेवून दिला, तर संपलंच. मग परत करायलाही काही उरणार नव्हतं.

स्वयंपाकघरात दहा बायका होत्या. विलोडीन काळ्या झग्यात टेबलाशी बसलेली. सकाळपासून तिने ना पाणी घेतलं होतं, ना डोळ्यांतून काढलं होतं. डेल्फियाने डबा तिच्यासमोर ठेवला.

"तुझा डबा."

विलोडीनने झाकण काढलं. मागून कुणीतरी "अगंबाई" म्हणालं.

"हे काय?"

"केक."

"दिसतंय मला. आयसिंग कुठाय?"

"मला येत नाही ते," डेल्फिया म्हणाली. "मला कुणी पुरतं सांगितलंच नाही कधी."

दहाही बायका टेबलाकडे सरकल्या. विलोडीनने केकच्या शेजारी ठेवलेलं अर्धं सफरचंद उचललं.

"सुकू नये म्हणून?"

"हो."

"अडुसष्टात लिहिलं होतंस हे. ऑक्टोबरात." तिने सफरचंद उलटसुलट करून पाहिलं. "मला वाटलं, हिचं काहीतरीच. मग करून बघितलं. चार दिवस मऊ राहिला."

"माझं वाचतेस तू?"

"काचा पुसायच्या आधी."

घरोघरचे फोन आटोपून ओपल धावत दारात पोचली, तशी विलोडीन उठली. "ओपल, सगळ्यांना ओसरीवर ने. चहा दे. आणि दार ओढून घे. तुझ्या बाजूने."

ओपलला आयुष्यात एवढं दुःख कुणाच्याच मयतीला झालं नसेल.

आत दोघीच उरल्या. विलोडीनने काळ्या झग्यावर एप्रन बांधला. बिडाचं भांडं काढलं, साखर, लोणी, ताक. मग फडताळातून आणखी एक वस्तू काढून टेबलावर डेल्फियासमोर ठक्कन ठेवली. कुठली, ते लिहायची कुणाची छाती नाही. हॅकनी गॅपमधे राहायचंय अजून.

"हे," विलोडीन म्हणाली. "चिमूटभर. ताक तापायच्या आधी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

विलोडीन चमचा हातात घेऊन वळली. "मग नऊ वर्षं कशाची वाट बघत होतीस, बये?"

"तू सांगायची."

"आणि मी, तू विचारायची." तिने चमचा डेल्फियाच्या हातात दिला. "हलव. लागेल खाली."

डेल्फिया हलवत राहिली. रंग चढायला लागला, वास सुटला. त्या वासानेच झालं. विलोडीन म्हणाली, "भांडं कोण चाटेल आता? गॅरलँड मला धुवायलाच द्यायचे नाहीत," आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली. डेल्फियाने चमचा सोडला नाही, आयसिंग तेव्हा सोडून चालत नाही. एका हाताने हलवत राहिली, दुसऱ्या हाताने तिला धरून उभी राहिली.

जुलैचा दुसरा रविवार आला. हातपंखे हलत होते, गाणं सुरू व्हायचं होतं. विलोडीन दारात आली, पुस्तक छातीशी. सगळं चर्च पंखे थांबवून बघायला लागलं. ती वरच्या पट्टीच्या बाकापर्यंत गेली, थांबली, मग कोपरा ओलांडून पहिल्या बाकाशी आली.

"सरक," ती म्हणाली.

डेल्फिया सरकली. त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचली आणि गॅरलँडच्या आवडीचं गाणं घेतलं. त्यात एकेक बाजू आपापल्या वेळेला शिरते, खालची पट्टी सगळ्यात शेवटी. ती शिरली तेव्हा व्हेस्टरने खर्जातला आपला सूर सोडून दिला आणि नुसता ऐकत बसला. तसं त्याने आधी कधी केलं नव्हतं, पुढेही नाही. आता चर्चमधे थंड हवेचं यंत्र आहे, खिडक्या बंद असतात, काच थरथरली तरी बाहेर कळत नाही. पहिल्या बाकावर दुसऱ्याच बायका बसतात. छान गातात. पण "सरक" असं कुणी कुणाला म्हणत नाही.

त्या दुपारी सिमेंटच्या टेबलावर एकाच जागी दोघींनी मिळून केक मांडला. ओपल ताटली घेऊन पुढे आली, तुकडा घेतला, चाखला, डोळे मिटले आणि म्हणाली, "डेल्फिया, कौंटीचं ताक फुटलं त्याला नऊ वर्षं झाली. आता तरी कृती नीट छापशील की नाही?"

डेल्फियाने सुरी पुसली आणि म्हणाली, "छापते की. या वेळी विलोडीनला विचारलंय. ती म्हणाली छाप, पण एक जिन्नस गाळून."