वाजली तर हात वर कर

डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "पल्मनरी ट्युबरक्युलोसिस." म्हणजे फुप्फुसाचा क्षय. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "दिवस नाही, महिने मोजा."

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी दाऊद, रत्नागिरीकडचा सुतार, कुवेतला तेल कंपनीच्या वर्कशॉपात कामाला. दोन महिने खोकत होतो आणि सगळा दोष धुळीवर ढकलत होतो. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. तुमचा खोकला पंधरा दिवसांत गेला नाही, तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

क्षयाच्या वॉर्डात भरती झालो, पण घरी कळवलं नाही. आमच्याकडे परदेशातून आलेलं पत्र एकट्या बायकोचं नसतं. कुणीतरी शिकलेला ते ओटीवर मोठ्यानं वाचतो आणि अख्खा मोहल्ला ऐकतो. टी.बी. म्हटल्यावर माझ्या हमिदाच्या घरचं पाणी कुणी प्यालं नसतं. मी लिहिलं, बदली झाली आहे, इथली हवा चांगली आहे.

वर्कशॉपमधले सोबती वॉर्डात यायला घाबरत. एकदा दोघे आले आणि फाटकापाशीच संत्री ठेवून गेले. भेटीच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. फार एकटं वाटायचं, उगाच कशाला लपवू.

तीन आठवड्यांनी शेजारच्या खाटेवर मिक्लोश आला. पन्नाशीचा, हंगेरीचा, पियानो वाजवणारा. त्यालाही कुणी भेटायला येत नसे. माझं इंग्रजी वर्कशॉपातलं, त्याचं हॉटेलातलं. दोघांचंही मोडकं, म्हणून जमलं. पाच वर्षांचा असताना आईनं त्याला पियानोवर बसवलं. विशीत बुडापेस्टच्या मोठ्या सभागृहात वाजवलं, पेपरात फोटो आला. मग युद्धात सक्तीच्या मजुरीला नेलं. फावडं धरून धरून बोटं जाड झाली. परतल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून शिकला. छप्पन साली शहरात रशियन रणगाडे शिरले त्या हिवाळ्यात चालत ऑस्ट्रियात गेला, आई मागे राहिली. पुढे बैरूतच्या हॉटेलात आणि तिथून कुवेतला, कंपनीच्या क्लबात. "लोक कटलेट खातात, मी वाजवतो," म्हणायचा. बरं होऊन एकदा तरी टेबलं काढून, नुसत्या खुर्च्या मांडून वाजवायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याची बोटं दिवसभर चादरीवर चालायची. मी सुतार, मला बघवेना. औषधांच्या खोक्यांच्या फळ्या मागून मी त्याला एक मुका पियानो करून दिला, पट्ट्या खाली-वर होणारा. गावी भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त केल्या होत्या, तेच माप डोक्यात. त्यानं हात ठेवला तर बोट दर वेळी पलीकडच्या पट्टीवर. पियानोची पट्टी पेटीच्या पट्टीहून रुंद असते, हे मला काय ठाऊक. तो खोकला येईस्तोवर हसला. मी सगळ्या पट्ट्या पुन्हा कापल्या.

आम्हाला रोज स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन असे. क्षयाचे जंतू मारणारं औषध, पण ते कानाच्या नसेलाही इजा करतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कानात आवाज आला, चक्कर आली, तर लगेच सांगायचं."

मिक्लोश नुसत्या चपलांच्या आवाजावरून नर्स ओळखायचा. दुसऱ्या महिन्यात औषधांच्या गाडीचं किरकिरणारं चाक त्याला ऐकू येईना. विचारलं तर म्हणाला, "कानात शिट्टी वाजते. कुणाला बोलू नकोस. इंजेक्शन थांबलं तर मी इथून जिवंत सुटत नाही."

मी दोन दिवस गप्प बसलो. सांगितलं असतं तर माझ्याशी बोलणारं एकुलतं एक माणूस तुटलं असतं. त्याच्या कानांपेक्षा मला माझी सोबत प्यारी होती, याची लाज आजही वाटते. तिसऱ्या दिवशी राउंडला मी सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वाचेल. इंजेक्शन बंद. गोळ्यांवर जास्त महिने लागतील." मिक्लोशनं माझ्याकडे पाठ केली. अकरा दिवस एक शब्द नाही. हा एकटेपणा पहिल्यापेक्षा वाईट होता.

बाराव्या दिवशी त्यानं मुका पियानो माझ्या खाटेवर आणून ठेवला. एक पट्टी अडकत होती. मी ती कानशीनं घासली आणि परत दिली.

नऊ महिन्यांनी मी सुटलो आणि हमिदाला खरं लिहिलं. तिचं उत्तर आलं, "पाणी कोण पितं न पितं ते मी बघेन. तुम्ही आधी का नाही लिहिलंत?" म्हणून सांगतो, एकट्यानं सोसू नका. कान वाजला तरी सांगा.

पुढच्या हिवाळ्यात मिक्लोशनं मला क्लबात बोलावलं, भर दुपारी, लोक यायच्या आधी. टेबलं काढली होती, खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. तो म्हणाला, "उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या मला ऐकू येत नाहीत, नुसतं लाकूड ऐकू येतं. मी दाबतो. वाजली तर हात वर कर." एकेक पट्टी दाबत तो माझ्याकडे बघत राहिला. एकीला माझा हात उठला नाही. तारेवर आपटणारी आतली हातोडी अडकली होती, ती मी मोकळी केली.

संध्याकाळी मी मागच्या रांगेत बसलो. संगीतातलं मला काही कळत नाही. वाजवता वाजवता त्याचा उजवा हात पार टोकाला गेला आणि त्यानं मान वळवून मला शोधलं. भरल्या सभेत मी हात वर केला.