शुक्राचा सातबारा

नर्मदाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. सरकारी कागदावर त्यांचं पद 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असं भारदस्त आहे. पोरं त्यांना खिचडीमावशी म्हणतात. शाळा सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या जरा पुढं, आणि स्वयंपाकाची खोली आठवीच्या वर्गाला चिकटून. मधल्या भिंतीत खिडकी आहे. त्यामुळं गेली अकरा वर्षं मी जे जे शिकवलं, ते ते बाईंनी पातेल्यात पळी फिरवत ऐकलं. माझी पोरं दरवर्षी नववीत गेली. नर्मदाबाई अकरा वेळा आठवीत बसल्या. साहजिकच त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं.

माझ्या चुका त्या वर्गात काढत नाहीत, खिचडी वाढताना काढतात. "सर, मागल्या साली तुमी बुध सगळ्यात लहान म्हणला व्हता. औंदा मंगळ लहान झाला." हे भर रांगेत. पोरं हसतात आणि मी ताटात वाटाणे शोधत बसतो.

त्या दिवशी शुक्र शिकवत होतो. पहाटेची सुंदर चांदणी म्हणून जिचं कौतुक होतं ती प्रत्यक्षात शिसं वितळवणारी भट्टी आहे, हे सांगताना मला दरवर्षी आसुरी आनंद होतो. ज्वालामुखी तर हजारांनी. जमिनीवर जमीन रेटली जाऊन घड्या पडलेल्या, त्या घड्यांचे डोंगर झालेले. आणि शेकडो किलोमीटर रुंद अशी गोल कडी: खालून तापलेला खडक वर येतो, जमीन फुगते, मग मधोमध खचते आणि कडेनं भेगा उरतात. मी फळ्यावर तीन आकृत्या काढल्या. पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"भाकर," खिडकीतून आवाज आला. "तव्यावर फुगती, खाली घेतली की पापुद्रा बसतो, काठ तेवढा चिरलेला राहतो. काहून लेकरांचा जीव घेऊन राहिले?"

पोरांना लगेच समजलं. माझ्या बी.एड.चं काय करायचं, ते मात्र मला समजलं नाही.

मग आरोही नावाच्या पोरीनं विचारलं, तिथल्या डोंगरांना नावं असतात का. असतात, म्हटलं, शुक्रावरच्या जागांना बायकांचीच नावं द्यायची असा नियमच आहे. ज्वालामुखींना देवींची, उल्का आदळून पडलेल्या मोठ्या खळग्यांना नामवंत बायकांची, लहान खळग्यांना साधी घरगुती. आपल्या लक्ष्मीच्या नावानं तर भलंमोठं पठार आहे.

पळीचा आवाज थांबला.

"सगळं बायांच्या नावावर?"

"जवळजवळ सगळं. सगळ्यात उंच डोंगर तेवढा एका गोऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. ते नाव नियमाच्या आधीचं."

"कुठंशी हाय त्यो?"

"लक्ष्मीच्या पठाराला लागूनच."

"म्हंजे बांध तिथं बी कोरलाच," नर्मदाबाई म्हणाल्या. तेवढ्यात खिचडी खाली लागली.

अकरा वर्षांत खिचडी पहिल्यांदाच लागली होती. कारण मला दुपारी कळलं. बाईंचं माहेर पुसेगाव. वडील गेल्या साली वारले, आणि पाच एकर हळदीच्या रानावर वारस म्हणून भावाचं आणि बाईंचं, दोघांचं नाव लागलं. भावाचं नाव माऊली. नावाप्रमाणेच प्रेमळ, एवढ्या जमिनीचा भार बहिणीवर पडू नये म्हणून त्यानं हक्कसोड पत्र तयारच करून आणलं होतं. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडला, असा तो कागद. सोमवारी सेनगावला सही. आमच्याकडं याला व्यवहार म्हणत नाहीत, रीत म्हणतात. सही केली की माहेर शाबूत. नाही केली की बाईला जमिनीची हाव सुटली, असा साऱ्या गावाचा निकाल, आणि त्यावर अपील नाही.

साक्षीदार म्हणून माऊलीला शिकलेला माणूस हवा होता. त्यानं मला गाठलं. "सर, अक्का तुमचं ऐकती," तो म्हणाला. एवढी मोठी अफवा मी त्याआधी ऐकली नव्हती. पण गेलो.

रजिस्ट्री ऑफिसात कारकुनानं कागद भराभर वाचत आणला आणि 'स्वखुशीने' या शब्दापाशी पोचला.

"थांबा," नर्मदाबाई म्हणाल्या. "ते काय म्हणले?"

"स्वखुशीने. म्हणजे तुमच्या राजीखुशीनं."

"माझी खुशी कुणी इचारली?"

माऊली हसला. "अक्का, तसंच लिवायचं राहतं. समद्याच बहिणी सही करत्यात."

बाई माझ्याकडं वळल्या. "सर, तुमाला बी बहिणी हायत न्हवं? त्यांनी केली?"

"दोघींनी," मी म्हणालो. वर्गात मी एवढं हळू कधी बोलत नाही.

"खुशीनं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर झेरॉक्सचं दुकान होतं, भलतंच प्रेक्षणीय.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "माझी खुशी न्हाई. तिकडं इस्तवासारख्या दगडांवर बायांची नावं राहू देत्यात, आन् माझ्या बापाच्या रानात माझं एक नाव जड होऊन राहिलं का?"

माऊलीनं आवाज चढवला नाही. "मंग दिवाळीला येऊ नको," एवढंच म्हणाला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला.

परतीच्या जीपमध्ये मला एकही विनोद सुचला नाही. बाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

गोरेगाव आलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. "सर, तुमच्या बहिणी अजून येत्यात का वो?"

"येतात. दर भाऊबीजेला."

"औंदा इचारा त्यांना. सही करताना पोटात काय झालं व्हतं म्हणून."

विचारतो, म्हटलं.

दिवाळी झाली. ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडं सोय आहे. नर्मदाबाईंनी भाऊ असून चंद्राला ओवाळलं. त्याच संध्याकाळी माझ्या दोघी बहिणींनी मला पाटावर बसवून ओवाळलं. मी त्यांच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं असावं, कारण थोरलीनं विचारलं, "काय रे, काही म्हणायचंय का?"

लाडू छान झालेत, म्हणालो.