तेरा गवे

मुलीच्या नवव्या वाढदिवसाला घरात सगळं गव्याचं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही दाजीपूरच्या अभयारण्यात गेलो होतो आणि रस्त्याच्या कडेला एक गवा उभा दिसला होता. माझ्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं तो आमच्याकडे बघत होता. गुडघ्याखाली पांढरे असलेले त्याचे पाय, तिच्या भाषेत पांढरे मोजे, तिच्या डोक्यातून गेलेच नाहीत. केकवर गवा, दारावर गवा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात जाताना मातीचा एक गवा, असं तिनं ठरवलं. विकतचं रिटर्न गिफ्ट नको, सगळे मी करणार, म्हणाली.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आम्ही ज्या कुंभाराकडून मातीची बैलजोडी घेतो, त्याच्याकडूनच माती आणली. ‘बैल सोडून गवा? तुमची पोरगी लई पुढं गेली की ओ,’ म्हणत त्यानं मळलेला गोळा पिशवीत घालून दिला.

बोलावलेली मुलं सव्वीस. तूटफूट धरून तीस पुरे, असं मी सांगितलं होतं. तिनं आठ दिवसांत चौतीस केले. शाळेतून आली की बाहेरच्या खोलीत पेपर पसरून बसायची. पावसाळी हवेत माती वाळत नव्हती, म्हणून झालेले गवे पंख्याखाली ओळीनं मांडून ठेवायची. मी एकच सूचना केली. ‘सगळे सारखे कर बरं का. एकाला मोठा, एकाला बारका गेला की पोरं भांडतात.’ ती मान खाली घालूनच ‘हूं’ म्हणाली. मी तो होकार समजलो.

मी फाउंड्रीत तपासणीला आहे. बावीस वर्षं झाली. ओतून आलेला भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या पट्टीत, बसला तर पुढं जातो, नाही बसला तर परत भट्टीत. लोखंड वाया जात नाही, पुन्हा वितळतं. माल कुणाचा, कुणी ओतला, हे विचारायचं नसतं. विचारलं की हात कचरतो.

आमच्या एमआयडीसीला सुट्टी सोमवारी असते. वाढदिवस बुधवारी होता. त्याआधीच्या सोमवारी मुलगी शाळेत गेल्यावर मी गवे तपासायला बसलो. पुठ्ठ्याचं एक गेज कापलं. उंची सहा सेंटिमीटर, तीन मिलिमीटर इकडंतिकडं चालेल. दोन्ही शिंगं सारखी पाहिजेत. चारी पायांवर उभा राहिला पाहिजे, डुगडुगता कामा नये. तिच्या ओळी मोडून मी गवे उंचीप्रमाणे लावले.

बायको स्वयंपाकघरातून आली. ‘अहो, काय करालाय?’

‘बघालोय, कुठला बसतोय, कुठला न्हाई.’

‘खेळणी हायत ती. मोटारीचं पार्ट न्हाईत.’

‘म्हणूनच. कुणाच्या आईनं म्हणायला नको, आमच्या पोराला मोडका दिला.’

‘पोरीला विचारा तरी एकदा,’ ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

मुलगी आली की सांगू, असं मी मनात म्हटलं. विचारू, असं नाही म्हटलं.

तेरा बसले नाहीत. एकाला एकच शिंग होतं. एकाच्या मागच्या पायावर मातीची जाड पट्टी थापलेली होती आणि तो तिरका उभा राहायचा. एकाच्या डोळ्यांभोवती दोन मोठी कडी होती. दोन गवे पाठीला पाठ चिकटलेले होते. वाळताना चिकटले असतील, असं मला वाटलं. एक तर इतका उंच की गेजच्या बाहेर अर्धा. मी ते तेराही पाण्याच्या बादलीत टाकले. अर्ध्या तासात सगळ्याची पुन्हा माती झाली. एकवीस उरले होते, पाच कमी पडत होते. मी दुपारी बसून सात केले, म्हणजे दोन शिल्लक. सातही एकसारखे. कामावर चांगली पाळी झाल्यावर वाटतं तसं वाटलं.

साडेपाचला ती आली. दप्तर खांद्यावरच होतं. पेपरसमोर उभी राहिली. मला वाटलं मोजतेय. ती शोधत होती.

‘पप्पा, माझा दात पडलेला गवा कुठाय?’

‘गव्याला कुठला दात?’

मग एकेक कळलं. एका शिंगाचा होता तो तिच्या मैत्रिणीचा, जिचा पुढचा दात नुकताच पडला होता. पट्टीवाला वर्गातल्या एका मुलाचा, जो पायाला पट्टा लावून चालतो. कडीवाला चष्मेवालीचा. चिकटलेले दोन वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांचे. तेराही कुणाचे ना कुणाचे होते. ओळी वर्गातल्या बाकांच्या होत्या. बाकीच्यांसाठी तिला काही सुचलं नव्हतं, म्हणून ते साधे केले होते. तेवढे साधे मी पास केले होते.

‘मुद्दाम तसे केलते मी,’ ती म्हणाली.

‘मग सांगायचं न्हाईस व्हय?’

माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. ते मी बदलून सांगत नाही.

तिनं बादलीत हात घातला, ढवळला आणि काढला. मी म्हणालो, अजून दोन दिवस आहेत, आपण दोघं बसू, तेराही करू. ‘नको,’ ती म्हणाली. ‘आता मला तसे येणार न्हाईत.’

बुधवारी सव्वीसच्या सव्वीस मुलं आली. गवे काळपट रंगवले होते, पायात पांढरे मोजे. न्यायला आलेल्या दोन-तीन आया म्हणाल्या, अगदी दुकानातले वाटतात. तेवढ्यात ती दात पडलेली मैत्रीण आली.

‘ए, ह्याला दोन शिंगं हायत. माझा एका शिंगाचा कुठाय? तू म्हणालतीस की.’

‘फुटला,’ मुलगी म्हणाली. ‘माझ्याच हातनं पडला.’

मी दोन हात अंतरावर सरबताचे ग्लास भरत होतो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी भिजवला, एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. मी ग्लास भरत राहिलो. पट्टावाल्या मुलानं आपला गवा तळहातावर उभा केला आणि ‘भारी हाय’ म्हणाला. गवा चारी पायांवर सरळ उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, माझं चुकलं. ‘असू दे की पप्पा,’ म्हणाली आणि वेणी घालायला आईकडे गेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता ती बारा वर्षांची आहे. शाळेचा तक्ता असो, निबंध असो, दारातली रांगोळी असो, आधी माझ्याकडे येते. ‘पप्पा, चालतंय काय बघा.’ पाहुणे म्हणतात, पोरगी बापासारखी नीटनेटकी आहे.

मागच्या आठवड्यात चित्र घेऊन आली. मी वर न बघताच ‘चालतंय’ म्हणालो.

‘बघितलासा तरी काय?’

मग बघितलं. नदी, घाट आणि दोन झाडं. उजवीकडचं झाड डावीकडच्यापेक्षा बरंच बारीक होतं. माझी नजर तिथं किती वेळ थांबली, मला माहीत नाही. ते मुद्दाम केलंयस का, हे विचारायचं मला सुचेपर्यंत तिनं खोडरबर हातात घेतला होता.