चिटणीसांना अश्रू हवे होते

त्या चिटणीसांइतका पोकळ माणूस मी जन्मात पाहिला नाही. साताऱ्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. नवरा-नवरीचे आणि पलटणीत निघालेल्या पोरांचे फोटो काढून तो चालायचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका सकाळी हे गृहस्थ दुकानात शिरले. इस्त्रीचा कोट, खिशात घड्याळाची साखळी आणि दर दोन वाक्यांना 'मानवता'. ते एका मदत समितीचे चिटणीस होते.

पाचगणीच्या एका बंगल्यात पोलंडची काही तरुण मुलंमुली हवापालटाला ठेवली होती. लढाईत रशियाच्या फौजेनं त्यांना घरातून उचलून तिकडं नेलं होतं. तिथून फिरत फिरत ती कोल्हापूरजवळच्या छावणीत आली, आणि छातीच्या दुखण्यामुळं पाचगणीला. लढाई थांबली तोवर त्यांची गावं दुसऱ्याच देशात गेली होती. परत जायची सोय नव्हती आणि त्यांना आपलं म्हणणारा देशही उरला नव्हता.

"सांगलीत ह्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचंय," चिटणीस म्हणाले. "लोकांचं काळीज पिळवटलं पाहिजे. अश्रू हवेत, अश्रू!"

पाचगणीत त्यांनी मुलांना ओळीत उभं केलं आणि इंग्रजीत भाषण ठोकलं. गोरी कातडी म्हणजे इंग्रजी येणारच, एवढीच त्यांची अक्कल. मुलं नुसती बघत राहिली. चिटणीस माझ्याकडं वळून हळहळले, "दुःखानं मुकी झालीत बिचारी!"

तेवढ्यात ओळीतली एक सोनेरी वेणीवाली मुलगी मला म्हणाली, "आवं दादा, ह्यो मानूस काय म्हंतोय? आमास्नी कळंना."

छावणीजवळच्या बाजारात भाजी घेता घेता ती मराठी शिकली होती. चिटणीसांचा चेहरा पडला. त्यांना निराधार मुलगी हवी होती, आणि ही कोल्हापूरच्या भाजीवालीसारखी बोलत होती. तरी त्यांनी हुकूम सोडला, "हिला सांगा, केस विस्कटून बस आणि रड."

मी सांगितलं. ती म्हणाली, "आमी न्हाई रडनार. रडून झालं लय."

चिटणीस रागारागानं हॉटेलात जेवायला निघून गेले. मुलीनं माझ्या पेटी-कॅमेऱ्याकडं बोट केलं. "आमी काढू?"

मी कॅमेरा तिच्या हातात दिला. मग दुपारभर आम्ही मिळून फोटो काढले. कशाचा काढायचा ते मुलं ठरवायची, उजेड कुठून घ्यायचा ते मी सांगायचो, आणि खटका दाबायला त्यांच्यात भांडणं लागायची. वाळत घातलेल्या मोज्यांचा फोटो निघाला. एकाच आरशात चौघी वेण्या घालत होत्या, त्यांचा निघाला. एका उंच तरुणानं स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा काढला. त्यात वेणीवाली मुलगी कांदे चिरतेय, डोळ्यांतून धारा लागल्यात, आणि बाकीचे नाकं दाबून खो खो हसतायत. पुढच्या खेपेला मी छापलेले फोटो घेऊन गेलो, तेव्हा प्रदर्शनात कुठले भिंतीवर लावायचे तेही त्यांनीच निवडलं. कांद्याचा सगळ्यांत पहिला.

फिल्म समितीची होती, म्हणून चिटणीसांनी ती सगळी ताब्यात घेतली.

सांगलीत प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. माधवनगरच्या गिरणीतले कामगार बायकापोरांसह आले होते. गोऱ्या निर्वासितांना बघायला मिळणार अशी दवंडीच चिटणीसांनी पिटली होती. त्यांनी मुलांना पाचगणीहून आणून व्यासपीठावर बसवलं होतं, बैलबाजारात जनावरं मांडावीत तसं. भिंतीवर मोजे नव्हते, आरसा नव्हता. समोर एकच भला मोठा फोटो टांगला होता. नुसता त्या मुलीचा ओला चेहरा. चिटणीसांनी सांगलीतल्याच कुणाकडून तरी हसणारे सगळे आणि कांदेसुद्धा छाटून घेतले होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'निराधारांचे अश्रू'.

चिटणीस भाषणाला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी स्वतःच रुमाल काढून डोळे टिपले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

मुलगी फोटोकडं बघत होती. तिनं शेजारच्या उंच तरुणाला काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. मग ती उभी राहिली.

"आवं, ह्यो कांदा हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "कांदा चिरत हुते मी. ही समदी हसत हुती. त्यास्नी का कापलं?"

क्षणभर कुणाला उमजलं नाही. मग मागून एक कामगार हसला आणि हां हां म्हणता सगळा हॉल हसू लागला. डोळ्याला पदर लावलेली म्हातारीही हसत सुटली. चिटणीस टेबल आपटत ओरडत होते, "शांतता! शांतता! हा गंभीर प्रसंग आहे!"

सभा मोडली. म्हातारी व्यासपीठाशी आली. "कुठल्या गावची गं बाई तू?"

मुलीनं गावाचं नाव सांगितलं. म्हातारीला ते म्हणता येईना, तेव्हा मुलीनं पुन्हा, सावकाश सांगितलं. "आता तितं दुसऱ्यांचं राज हाय. आमास्नी न्हाई घेनार."

"आईबाप?"

"आई वाटंत गेली."

म्हातारीनं मुलीला आपल्या शेजारी बाकावर बसवलं आणि मोटार येईपर्यंत तिचा हात धरून बसली. चिटणीस दारात उभे राहून पुढाऱ्यांना समजावत होते की मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. तो कापलेला फोटो मात्र त्यांनी गावोगाव मिरवला. इतकी निबर कातडी मी दुसरी पाहिली नाही. पुढं ती मुलं जहाजानं निघून गेली. कुणी म्हणालं इंग्लंडला, कुणी म्हणालं आफ्रिकेत. मी चिटणीसांना गाठून विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. फाळणी होऊन गेली होती, आणि त्यांच्या हाताशी दुसरे निराधार आले होते.