विरामबाईंनी दोनदा वाचलेली ओळ

त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ‘कॉपी’ हा एकच शब्द थोरल्या सुनेसारखा राबायचा. बातमीदारानं खरडून आणलेले कागद म्हणजे कॉपी. सकाळी दारात पडणारा अंक, तीही कॉपीच. कार्बन घालून काढलेली नक्कल, ती पण कॉपी. कुठं आग लागली की संपादक हात चोळत म्हणायचे, “चांगली कॉपी आहे!” लोकांचं घर जळतंय आणि यांना कॉपी दिसतेय, काय म्हणावं या माणसाला! आणि बातमीदाराचा कागद हातात धरून तो मोठ्यानं वाचणाऱ्या आपल्या बाई, त्या कॉपीहोल्डर. नवख्याचं डोकं गरगरायचं. जुन्यांना मात्र कुठली कॉपी ते बरोबर कळायचं.

बाईंच्या समोर प्रूफ तपासणारे मास्तर बसत. बाई मूळ कागद वाचणार आणि मास्तर छापलेल्या कच्च्या प्रतीवर पेन्सिल फिरवणार. बाईंच्या तोंडून आलं ते बरोबर. जे आलं नाही आणि तरी छापात दिसतंय, ते जास्तीचं. मास्तर त्यावर काट मारत आणि छपाईची अक्षरं जुळवणारा जुळारी तेवढे खिळे उचलून टाकी. वाचायचं तेही स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणून. त्यावरून नाव पडलं विरामबाई. बाईंना मूलबाळ नव्हतं, सगळा जीव भाचीवर. तिला लहानपणी गोष्ट सांगतानाही “वाघ आला स्वल्पविराम ससा पळाला पूर्णविराम” असंच चालायचं आणि पोरगी खो खो हसायची.

एका दुपारी भाचीच्या बापानं, म्हणजे बाईंच्या सख्ख्या भावानं, कंपनीची बस पुलाच्या कठड्यावर घातली. एका म्हातारीचा पाय गेला. भाचीचं लग्न नुकतंच ठरलेलं. संध्याकाळी बाई कामावर आल्या तर वहिनी जिन्याखाली उभी.

“वन्सं, तुमच्याच तोंडून जातं ना सगळं? अपघाताचं छापू दे, पण हे प्यायले होते तेवढी एक ओळ गाळा. सासरच्यांनी वाचलं तर पोरीचं लग्न मोडेल हो.”

“खरंच प्यायला होता का गं?”

वहिनीनं मान खाली घातली.

“बघते,” बाई म्हणाल्या. इथंच चुकलं. नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणून टाकावं. ‘बघते’ म्हटलं की मागणारा ‘हो’ समजून घरी जातो.

थोड्या वेळानं बातमी टेबलावर आली. “चांगली कॉपी आहे, लवकर सोडा,” संपादक म्हणून गेले. बाईंनी वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात ती ओळ होती. नुसती उडी मारायची होती. कागदावरून नजर एक बोट खाली सरकवायची, की संपलं. भाचीचं लग्न वाचणार होतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

नजर सरकलीही. खालच्या ओळीत म्हातारीचा पाय होता, गुडघ्यापासून काढलेला. तिचा पाय गेला तो गेला, आणि कशामुळं गेला ते आपण गिळून बसायचं?

“चालक मद्याच्या अमलाखाली होता स्वल्पविराम असे पोलिसांनी सांगितले पूर्णविराम.”

मास्तरांची पेन्सिल थांबली. भाऊ कुणाचा, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. मान वर न करता ते म्हणाले, “बाई, आत्ताची ओळ मला काही ऐकू आली नाही.”

मास्तरांचे कान असे तिखट, की तळमजल्यावर कप फुटला तरी ते वर हळहळायचे. त्यांना ऐकू आलं नाही? काट मारायला ते तयार होते, जबाबदारीही स्वतःच्या डोक्यावर घेत होते. देवमाणूस हो!

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. इतक्या मोठ्यानं, की जुळारी मागं वळून बघायला लागले. मास्तरांनी बरोबरची खूण केली.

लग्न मोडलं. भावाची नोकरी गेली. ती एरवीही जायचीच होती, पण हे ऐकून कोण घेणार? वहिनीनं तोंडावर दार लावलं. भाची रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूला जायची. बाईंना वाईट वाटायचं, फार वाटायचं. ताटावर बसलं की घास तोंडात फिरत राहायचा. पण तीच ओळ उद्या पुन्हा आली तर? तरी त्या वाचणारच. हेही त्यांना माहीत होतं.

छापखान्यात लग्नपत्रिकाही निघत. दोनेक वर्षांनी एक पत्रिका टेबलावर आली. वधूच्या जागी भाचीचं नाव होतं. बाई वाचायला लागल्या. “आपले नम्र अपूर्णविराम काका स्वल्पविराम काकू स्वल्पविराम मामा स्वल्पविराम मामी स्वल्पविराम मावशी पूर्णविराम.”

“आणि आत्या?” मास्तरांनी विचारलं.

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं.

“घालू का? जुळारी आत्ता जुळवून देईल.”

“कागदात नाही ते कसं घालायचं, मास्तर?” बाई म्हणाल्या आणि लग्नाचं ठिकाण, तारीख, वेळ, सगळं विरामांसकट वाचून पूर्ण केलं. आवाज शेवटपर्यंत नीट होता. मग पाणी पिऊन येते म्हणून त्या उठल्या, आणि मास्तरांनी पुढची सगळी प्रुफं त्या दिवशी एकट्यानंच तपासली.