पाच जणांत एक लेथ

हिंगोलीच्या आमच्या तंत्रशाळेत लेथ तीन होते आणि त्यांतला एक कायम आजारी. पोरं मात्र वर्ग भरून. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. आम्ही पुसेगावकडचे, बौद्ध वस्तीतले. माझ्या आधी वस्तीतलं कोणी यंत्राच्या शाळेत गेलं नव्हतं. लेथ म्हणजे लोखंडाची कांब गरगर फिरवत हत्याराने सोलणारं यंत्र. तो चालवणारा म्हणजे टर्नर, आणि टर्नरला कारखानेवाले दारातूनच ओढून नेतात, असं आम्ही ऐकून होतो. बाबांना तेवढं पुरेसं होतं. "हातात कसब आलं की मानूस कुनाचा मिंधा न्हाई," ते म्हणायचे, आणि मजुरीला निघून जायचे.

पहिल्या वर्षी आम्हाला शिकवायला एक म्हातारे मास्तर होते. निजामाच्या काळात रेल्वेच्या कारखान्यात शिकलेले, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. तोंडाने फार वाईट. आईबाप काढल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. पण हजेरीच्या क्रमाने ते प्रत्येकाला एकट्याला समोर उभं करत. पाटलाचा मुलगा असो नाहीतर मी, क्रम मोडत नसे. "हात किसका है? तेरा है ना? फिर तू कर!" म्हणायचे आणि काम होईपर्यंत हलत नसत. पहिलं वर्ष सगळं कानशीचं. लोखंड घासून घासून तळहाताची सालं निघाली, पण कानस हातात बसली. लेथ दुसऱ्या वर्षी होता. आणि दुसरं वर्ष लागायच्या आत उस्ताद रिटायर झाले.

त्यांच्या जागी पुण्याकडून एक तरुण सर आले. शिकवण्याच्या नव्या पद्धतींचं रीतसर शिक्षण घेऊन आलेले. माणूस मनापासून चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी माझ्या तोंडी शब्द घालायला नको. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "रांगेत उभं राहून एकेकट्याने शिकायचं, हे जुन्या जमान्याचं झालं. आता गटाने शिकायचं. पाच जणांचा गट, सगळ्या समाजांचे मिळून. गट आळीपाळीने येतील. पाच जणांत एक लेथ, एक जॉब म्हणजे घडवायचा एकच नग, आणि मार्कही सगळ्यांना सारखे. ज्याला येतं तो दुसऱ्याला हात देईल. समता काय पुस्तकातच ठेवायची?"

त्या शाळेच्या भिंतींत समता हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वसतिगृहावर आम्ही वस्त्यांवरची पोरं त्या दिवशी जेवताना सरांवरच बोलत होतो. मला तर वाटलं, आता आपलं भलं झालंच.

आमच्या गटाचा पुढारी होता औंढ्याकडच्या एका पाटलाचा मुलगा. तोही वाईट नव्हता. घरून आलेली धपाटी पहिल्यांदा माझ्यापुढे करायचा. त्याच्या घरी पाण्याचं इंजिन होतं, यंत्राची भीती त्याला नव्हती. पहिल्या दिवशी लेथच्या चाकावर त्याचा हात गेला तो गेलाच. मला म्हणाला, "तुजं डोकं हिशेबात चालतंय. तुमची मान्सं शिकन्यात हुशार. तू मापं काढ, गियरचा हिशेब कर, वही लिही. मशीन आमी बघतो."

मी फुगलो. एका पाटलाने आपल्याला हुशार म्हणावं! मी मापं काढली, कोणता गियर कशाला लावायचा ते सांगितलं, पाच जणांच्या वह्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. जॉब संपला की यंत्राखाली पडलेला लोखंडाचा कीस झाडायचा कोणी, हे कधी ठरलं नव्हतं. पण झाडू माझ्याच हाती यायचा. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे, आणि खरी चीड त्याचीच होती. उस्तादांची शिवी निदान कानाला ऐकू यायची.

महिना दोन महिने गेल्यावर मी म्हटलं, आज मी चालवतो. पाटलाचा मुलगा बाजूला झाला. माझा हात नवखा, हत्यार खोल घुसलं आणि जॉब वाया गेला. त्या आठवड्यात पाचही जणांचे मार्क कापले गेले. कोणी भांडलं नाही. पुढच्या वेळी मी चाकाकडे वळलो तेव्हा तो नरमाईनेच म्हणाला, "राहू दे ना गड्या. बिघडलं तर सगळ्यांचं जातंय. तुला मार्क तर भेटूनच राहिले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. मार्क सगळ्यांचे एकत्र बांधले, की न येणाऱ्याच्या हाती यंत्र देणं कोणाला परवडणार?

मी सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, मला मशीन हाती येत न्हाई. उस्तादांसारखी पाळी लावा."

सर हसले, प्रेमानेच हसले. "अरे, तुझे मार्क तर किती छान आहेत! गट म्हणजे घर. घरातल्या गोष्टी घरात बोलायच्या. मी मध्ये पडलो तर पद्धतच मोडेल." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासारख्यांसाठीच तर ही पद्धत आणली मी."

वर्षभर मी विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकलो. शेवटची परीक्षाही सरांनी गटानेच घेतली. आम्ही पाचही जण पहिल्या वर्गात पास झालो. बाबांनी वस्तीत घरोघर गूळ वाटला.

घोडामैदान लांब नव्हतं. नांदेडकडच्या एका कारखान्यात टर्नर घ्यायचे होते. पाटलाचा मुलगा आलाच नाही, तो शेतीवर गेला. लेथचा हात ज्याला आला त्याला त्याची गरज नव्हती. आमच्या शाळेची इतर दोघंतिघं होती, त्यांत एक पुसेगावचाच, शेतकऱ्याचा मुलगा. परीक्षकाने कांब दिली आणि आटे पाडून दाखव म्हणाला. गियरचा हिशेब मी तोंडी सांगितला. तो खूश झाला. मग मी यंत्र सुरू केलं.

आटे पाडताना हत्यार कडेला पोचतं त्या क्षणी एका हाताने ते मागे ओढायचं आणि दुसऱ्या हाताने खालचा दांडा सोडायचा. दोन्ही एकदम. हे मला पाठ होतं. पाच वह्यांत मीच लिहिलं होतं. पण हात विचारायला लागला, आधी हा का आधी तो, आणि तेवढ्यात हत्यार कडेवर आदळून मोडलं. परीक्षकाने यंत्र बंद केलं. माझं प्रमाणपत्र उचललं, नाव वाचलं, प्रात्यक्षिकाचे मार्क पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हं. सवलतीचे मार्क दिसताहेत."

कोणीतरी हसलं. ओरडून सांगावंसं वाटलं, की मला कोणी एका मार्काचीही सवलत दिलेली नाही. पण मग हे मार्क कुठून आले, असं त्याने विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मी प्रमाणपत्र घेतलं आणि बाहेर आलो.

घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात बसले होते. "झालं का रं?" मी न्हाई म्हटलं. "काहून?" मग मी सगळं सांगितलं. गट, वह्या, झाडू, मोडलेलं हत्यार, परीक्षकाचं बोलणं. शेवटी म्हटलं, "बाबा, मला लेथ येतच न्हाई."

"मग दोन वर्सं तू तिथं काय करून राहिला व्हतास?" त्यांनी एवढंच विचारलं. मी मान खाली घातली. माझ्या बाबांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. खरं बोलण्यापायी त्यांनी मजुरीसुद्धा घालवलेली मी पाहिली होती.

"हे कुनापाशी बोलू नको," ते म्हणाले.

"पण बाबा, तो पुसेगावचा पोरगा तिथंच व्हता. तो सांगलच."

"त्याला सांगू दे. तू सांगू नको. तू म्हनलास मला येत न्हाई, तर लोक म्हनतील ह्यांच्या जातीलाच येत न्हाई. मग वस्तीतलं एकबी लेकरू त्या शाळेच्या दारात कोनी उभं करनार न्हाई."

पुढे मला एका सरकारी गोदामात कारकुनाची नोकरी लागली. अक्षर चांगलं होतं. गावात कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "पोरगं मशीनवर हाय." सांगताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मरेपर्यंत ते हेच सांगत राहिले, आणि मी शेजारी बसून व्हय म्हणत राहिलो.